अक्षर वसंताचं, मजकूर माझा

कुमे, वाद अर्धवट सोडून उठणं तुझ्या स्वभावात नव्हतं. समोरच्याने "बरं बाई, तुझंच खरं" म्हटल्यावरही तू आणखी एक मुद्दा मांडायचीस, उगाच मागे काही राहायला नको म्हणून. आणि आपला सगळ्यात जुना वाद मात्र तसाच टाकून निघून गेलीस. आज अकरा दिवस झाले. मी इथे हॉलंडात, उइटहॉर्नच्या घरी, स्वयंपाकघरात बसले आहे, चहा निवत चालला आहे आणि मी तुझ्याशी भांडते आहे. मघाशी "अगं, पण ऐकून तर घे" असं मोठ्याने म्हणाले. शेजारच्या बाईंना वाटलं मी त्यांनाच काही म्हणतेय. त्यांनी खिडकीतून हात केला, मग मीही केला.

वाद तोच. अकरावीच्या हस्तलिखितात तुझ्यावरच्या त्या ओळी कोणी लिहिल्या? तू म्हणायचीस, वसंताने. सत्तर वर्षं म्हणत आलीस. "अक्षर त्याचं, वादविवादात हरला होता तोही तोच, मुद्दा संपला," असं टेबलावर बोट आपटून सांगायचीस. मी दर वेळी म्हणायचे, "जाऊ दे ना गं आता." हे काही उत्तर नव्हे. चर्चामंडळाची कार्यवाह होतीस तू. प्रतिपक्ष मुद्द्याला बगल देतोय हे एकदाही तुझ्या लक्षात येऊ नये?

त्या ओळी मी लिहिल्या होत्या.

हे आता कागदावर इतक्या सहज उतरलं, याचीच मला लाज वाटते.

आपली साताऱ्याची ती शाळा आता तशी राहिलेली नाही म्हणतात. आपण अकरावीत होतो तेव्हा महायुद्ध संपून सहा-सात वर्षं झाली होती, पण घराघरांत ते अजून मुक्कामाला होतं. धान्य कार्डावर, साखर कार्डावर. वह्यांचा कागद असा, की एका बाजूला लिहावं आणि दुसऱ्या बाजूने वाचावं. जगतापचे वडील इटलीच्या आघाडीवरून परत आले होते. त्यांचा लष्करी ओव्हरकोट घालून तो बालवीरांच्या कवायतीला यायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. वर्गात चौतीस जण, त्यांत आपण पाच मुली, दाराजवळच्या आडव्या बाकावर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंडळं भरायची. निसर्गमंडळ नदीकडे जायचं, नाट्यमंडळ पडवीत ओरडायचं, सूतकताईवाल्या मुली टकळ्या घेऊन पायरीवर बसायच्या आणि आठवीच्या वर्गात तुझं चर्चामंडळ. तुझंच म्हणायचं, कारण त्यात बाकीचे नुसते यायचे, चालवायचीस तू.

मी हस्तलिखिताची संपादक होते. आता कोणाला सांगितलं तर कळत नाही. इथल्या मराठी मंडळातली मुलं विचारतात, "आजी, म्हणजे मॅगझिन का?" मी सांगते, हो, पण एकच प्रत. छापायला पैसे कुठले आणि कागद तरी कुठला. सगळ्यांचे लेख, कविता गोळा करायच्या आणि ज्याचं अक्षर सगळ्यात सुरेख त्याने ते एकटाकी उतरवायचे. आपल्या वर्षी ते काम वसंताचं. टाकाला निब लावून, ओळीखाली पट्टी धरून, जीभ दातांत पकडून लिहायचा. तो लिहीत असला की आपण सगळ्या त्याला हसायचो.

त्या अंकात "आम्ही अकरावीतले" असं सदर होतं. प्रत्येकाचं नाव, त्याचं मंडळ, त्याचा स्वभाव आणि पुढे त्याचं काय होणार, सगळं दोन-चार ओळींत. सदराखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. कोणाला राग आला तर मारामारी नको म्हणून. मी एका दुपारी बसून चौतीसही जणांवर लिहिलं. "जगताप : बालवीर. आधी कोट येतो, मागून जगताप." "सुशीला : सूतकताई मंडळ. सूत तुटतं, गप्पा तुटत नाहीत." "वसंत : चर्चामंडळ. हरला तरी नमस्कार करून हरतो." मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. मग तुझं नाव आलं.

"कुमुद : चर्चामंडळाची कार्यवाह. बोलायला उभी राहिली की समोरचा खाली बसेपर्यंत बसत नाही. हिच्या होणाऱ्या नवऱ्याने आतापासूनच कानांत कापूस घालायची सवय करावी."

आता मी तुला खरं सांगते, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. त्याच्या आदल्या आठवड्यात कराडच्या आंतरशालेय वादविवादासाठी तुझी निवड झाली होती. मुलींमधून एकच न्यायची होती. मीही नाव दिलं होतं हे तुला माहीत नव्हतं. सर मला म्हणाले, "नलिनी, तू छान लिहितेस. बोलायला कुमुद." बरोबरच होतं ते. तू कराडला "शिधावाटप चालू राहावे" या बाजूने बोललीस आणि विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या आपल्या वसंतासकट सहा मुलांना गप्प करून चषक घेऊन आलीस. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या की नाही, आठवत नाही. त्या ओळी लिहिताना माझ्या मनात मत्सर होता की नुसती गंमत, हे मला आजही सांगता येत नाही. गंमतच होती असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

अंक तयार झाला, सरांना आवडला, संमेलनात ठेवला. पुढचं आपल्या त्या प्रथेने केलं. एकच प्रत, म्हणून ती गल्लीगल्लीतून फिरायची. प्रत्येक घरी एक दिवस. शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्याने सही करायची आणि पुढच्या घरी पोचती करायची. तुमच्या घरी पोचली तोवर त्यावर सव्वीस सह्या झाल्या होत्या. तुझ्या काकांनी ते सदर बैठकीत मोठ्याने वाचलं. तुझे वडील तुला पुण्याला कॉलेजात पाठवायला तयार होते. वकील होणार होतीस तू. काकांचं मन तसंही नव्हतं, त्यांना निमित्त हवं होतं. "सव्वीस घरांनी वाचलंय. पोरीच्या जिभेची कीर्ती गावभर झाली. आता पुरे." दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस. परीक्षेला मात्र बसवलं तुला, काका बाहेर फाटकाशी उभे राहायचे. निकाल लागायच्या आत तुझं लग्न झालं.

मुलाकडच्यांनीही ते वाचलं होतं म्हणे. बोहल्यावर चढायच्या आधी तुझ्या आईने तुला सांगितलं, "तिकडे तोंड उघडू नकोस हो. लोकांना आधीच कळलंय." हे तूच मला सांगितलंस, किती वर्षांनी. आणि तू उघडलं नाहीस. पन्नास वर्षांच्या संसारात उघडलं नाहीस. मुळात इतका हट्टी स्वभाव तुझा, की गप्प बसायचं ठरवलंस तेही जिंकण्यासाठीच, असं मला वाटतं. पण कोणाला हरवलंस गं?

वसंताची गोष्ट वेगळीच. मी अकरावीनंतर पुण्याला शिकले, लग्न झालं, नवऱ्याला डेल्फ्टला संशोधनाचं काम मिळालं म्हणून इथे आले ती इथलीच झाले. आपल्या वर्गाचा मेळावा झाला तेव्हा मी मुद्दाम भारतात आले होते. वसंत बँकेतून निवृत्त झाला होता. सगळ्यांसाठी कंदी पेढे घेऊन आला. तुझ्यासमोर खोका धरला तर तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तो बिचारा तसाच उभा. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "नलू, कुमुद माझ्यावर कशाने रागावली आहे? पन्नास वर्षं झाली, मला आठवतच नाही मी काय केलं." मी म्हणाले, "तिचा स्वभावच तसा आहे रे, मनावर घेऊ नकोस." त्याने मान हलवली. पेढ्यांचा खोका मला दिला. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्याला ती ओळ आठवत नव्हती, कारण ती त्याची नव्हतीच. त्याने फक्त पट्टी धरून नीट लिहिली होती.

मग तू इथे आलीस. सुधीर, तुझं शेंडेफळ, नोकरीसाठी अ‍ॅमस्टेलव्हीनला आला होता. तुझे यजमान गेल्यावर त्याने तुला आणलं. आपण दोघी साताऱ्याच्या, एका बाकावरच्या, आणि म्हातारपणी एका बसच्या अंतरावर. मला केवढा आनंद झाला होता! खोटं नाही सांगत. तू भारतीय दुकानात शेपूच्या जुडीवरून मला ऐकवलंस, "हा शेपू नव्हे नले, हे मासळीवर घालायचं गवत आहे." वीस मिनिटं ऐकवत होतीस. दुकानदार हसत होता. सुधीर मात्र तुझ्याकडे आश्चर्याने बघत होता, आई एवढं बोलते? तो बिल द्यायला पुढे गेला तशी तू गप्प झालीस. माझ्याशीच बोलायचीस तू. घरात नाही.

माझे हे गेले तेव्हा तू दर मंगळवारी यायचीस. सोबत मटारची पिशवी. काही बोलायची नाहीस, मटार सोलायचीस. मी रडायचे, तू सोलायचीस. जाताना म्हणायचीस, "डबा फ्रिजमध्ये ठेवलाय." ते मंगळवार नसते तर माझं काय झालं असतं, मला सांगता येत नाही. इतक्या लोकांनी इतकं सांत्वन केलं, त्यातलं मला एक वाक्य आठवत नाही. तुझे मटार आठवतात. पण कुमे, तुला हे गप्प बसणं शिकवलं कोणी, ते मला ठाऊक होतं. आणि मी आरामात त्याचा आधार घेत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर पुढच्या मंगळवारी तू आली नसतीस, या भीतीने नाही सांगितलं.

नंतर तू विसरायला लागलीस. आधी गॅस, मग औषधं, मग सुधीरचं नाव. त्याने तुला शुश्रूषागृहात ठेवलं तेव्हा तो माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला. मी आठवड्यातून दोनदा ट्रामने यायचे. रोलेटर, म्हणजे चाकांचा वॉकर, ढकलत मी, खुर्चीत तू, दहाच्या ठोक्याला कॉफी आणि बरोबर एक बिस्कीट, दुसरं मागायचं नाही.

त्या गुरुवारी तिथे शाळेच्या आठवणींचा कार्यक्रम होता. सगळे तुझ्यामाझ्या वयाचे. शेजारच्या खोलीतल्या बेपबाईंनी वर्गाचा फोटो आणला होता. युद्ध संपल्यावर पावाची कुपनं घेऊन रांगेत उभं राहायचं आणि तिथूनच व्यायाममंडळाला पळायचं, असं त्या सांगत होत्या. फोटोत एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "इथे दोघी बसायच्या. त्या छळछावणीतून परत आल्या नाहीत." त्यांनी फोटो पालथा ठेवला. मग योप नावाच्या आजोबांनी नाट्यमंडळात आपण राणी झालो होतो ते सांगितलं आणि सगळे हसले. तेवढ्यात कार्यक्रम घेणाऱ्या बाई तुझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, बाईसाहेब? तुम्ही कोणत्या मंडळात होता?"

मी तुझ्या वतीने काहीतरी सांगणार होते. पण तू टेबलाला धरून उभी राहिलीस.

"अध्यक्ष महाराज, गुरुजन, आणि विद्यार्थी बंधुभगिनींनो," तू म्हणालीस. खणखणीत. "प्रतिपक्ष म्हणतो, शिधावाटप बंद करा. मी प्रतिपक्षाला विचारते, तुमच्यापैकी किती जणांनी रांगेत उभं राहून घरी साखर आणली आहे? रांगेत कोण उभं असतं? तुमची आई! मग बोलायचा हक्क कोणाचा?"

पूर्ण भाषण केलंस. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सकाळी तुला सुधीरचं नाव आठवलं नव्हतं. बेपबाईंनी माझी बाही ओढली, "काय म्हणते ती?" मी डचमध्ये सांगितलं. त्यांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर बोलते! अगदी बरोबर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू नमस्कार केलास आणि खाली बसलीस. या वेळी मी टाळ्या मनापासून वाजवल्या, एवढं मला नक्की माहीत आहे.

खोलीत आल्यावर मला राहवलं नाही. मी तुझे दोन्ही हात धरले. "कुमे, हस्तलिखितातलं ते मी लिहिलं होतं. कापसाचं. वसंताने नुसतं उतरवलं. मी, नलूने लिहिलं."

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. भुवया जवळ आल्या. मग हात सोडवून घेतलेस.

"तुम्ही नलूला ओळखत नाही," तू म्हणालीस. "ती माझी मैत्रीण आहे. ती असलं कधी लिहिणार नाही. वश्याने लिहिलंय ते. उगीच तिचं नाव घेऊ नका."

मी म्हणाले, "बरं." तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मी कोट घातला आणि ट्राम पकडली. पुढच्या आठवड्यात तुला ताप आला, आणि मग सुधीरचा फोन.

त्यानंतर मला कोणी माफ करणारं उरलं नाही आणि शिक्षा करणारंही नाही. देवाबिवावर तुझ्याइतका माझा कधीच विश्वास नव्हता. या वयात माणूस सुटकेची वाट बघतो असं म्हणतात. मला कशातून सुटायचं तेच आता कळत नाही.

अंत्यविधीच्या वेळी सुधीरने मला बोलायला सांगितलं होतं. "मावशी, शाळेतली आई कशी होती ते फक्त तुलाच माहीत आहे. तीन मिनिटं." मी लिहून नेलं होतं. चषक, कराड, शिधावाटप, सगळं. आधी सुधीर बोलला. "आई फार शांत होती. तिने कधी आवाज चढवला नाही. कधी कोणाशी वाद नाही, कधी स्वतःचं मत लादलं नाही. असा शांत माणूस मी पाहिला नाही." समोरच्या सगळ्या माना हलल्या. मग मी उभी राहिले. कागदाकडे पाहिलं. तू कशी बोलायचीस ते मी सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आलाच असता. मग मावशी, आईचं बोलणं थांबलं कशाने? मी कागदाची घडी केली आणि मटारांबद्दल बोलले. बऱ्याच जणांचे डोळे भरून आले.

नंतर कॉफी होती, केक होता, इथल्या रिवाजाप्रमाणे. तुझी नात मीरा माझ्यासाठी कप घेऊन आली. सतराची आहे ना ती, शाळेचं शेवटचं वर्ष. तिचं मराठी ऐकण्यापुरतं, बोलणं इंग्रजीत. माझ्या शेजारी बसून म्हणाली, "नलूआजी, आजी नेहमीच इतकी शांत होती? लहान असतानाही?"

मी विचारलं, "का गं?"

"कारण आमच्या घरात मी एकटीच अशी आहे. सतत वाद घालते. बाबा म्हणतो, कोणावर गेली आहेस कळत नाही. शाळेत डिबेट क्लबमध्ये आहे मी, तिथेही म्हणतात मी टू मच आहे. सोडणारच आहे आता." ती हसली, पण ते हसणं खरं नव्हतं. "मला वाटलं, कदाचित आजी आधी वेगळी असेल."

तुझं नाक आहे तिला, कुमे. आणि वाट बघण्याची तीच पद्धत, समोरच्याने उत्तर देईपर्यंत नजर न हलवण्याची.

मी म्हणाले, "नाही गं बाळा. शाळेपासून शांतच होती."

"ओके," ती म्हणाली. थोडा वेळ बसली, मग माझा रिकामा कप घेऊन गेली.

सत्तर वर्षांपूर्वी मी तुझ्याविषयी जे लिहिलं होतं ते खरं तरी होतं. सव्वीस घरांपर्यंत पोचलं. अंत्यविधीच्या दिवशी मीराला जे बोलले ते खोटं होतं, आणि ते फक्त एका मुलीपर्यंत पोचलं. तिने त्यावर लगेच विश्वास ठेवला. सोमवारी तिला फोन करावा, खरं काय ते सांगावं, असं मी रोज ठरवते. आजही ठरवलं आहे. करणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मीराला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे.